मिनिटावर नको, तासावर

६ जानेवारी
शिरोळच्या ऊसतोडीच्या फडावरून रात्री उशिरा कोल्हापूरला परतलो. बीडकडच्या दोन कोयत्यांशी बोलणं झालं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या हिशेबानं. रेकॉर्डिंग पंचेचाळीस मिनिटांचं. मागे ट्रॅक्टर, पाचटाची सळसळ, आणि चौघं एकदम बोलणारी. माझ्या पॉडकास्टचा हा भाग जिवंत होईल, पण लिहून काढायला महागात पडणार.

७ जानेवारी
लॅपटॉपवर बोलणं लिहून काढणारं, फुकट मिळणारं मॉडेल रात्रभर चालवलं. सकाळी पाहतो तर ‘फड’चं ‘फळ’ आणि ‘कोपी’चं ‘कॉपी’ झालेलं. लेकरू कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, निजवून आई फडात गेली होती. यंत्राच्या कागदावर ती कॉपीतून फळात गेली. मागच्या महिन्यात घरात बसून एका प्राध्यापकांशी बोललो होतो, ती मुलाखत याच मॉडेलनं जवळजवळ स्वच्छ उतरवून दिली होती. ही दुरुस्त करायला पाच तास गेले, तरी सोळा जागा अडल्याच.

९ जानेवारी
रेकॉर्डिंग लिहून देणाऱ्या एका एजन्सीकडून नमुना आला. मिनिटाला १८ रुपये, जास्त आवाज असतील तर वर ६. म्हणजे हा भाग १,०८० रुपयांना. दर परवडणारा आहे, पण मजकूर वाचून जीव तुटला. बाई बोलली होती, “मुकादमानं अंगठा घेतला अन् उचल हातावर टेकवली.” कागदावर आलं, “अंगठा घेऊन आगाऊ रक्कम देण्यात आली.” भाषा शुद्ध झाली आणि मुकादम वाक्यातून निघून गेला. ज्याच्याबद्दल ती बोलत होती, तोच नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या गटानं हजाराहून जास्त गावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या बायांच्या बोलीत, त्यांच्या नावागावासकट आज वाचायला मिळतात. माझे तर महिन्याला चारच भाग. मला एवढंही जमू नये?

१४ जानेवारी, संक्रांत
लिहून काढायचं काम करणाऱ्या पाटोद्याच्या एका ताईंचा नंबर मिळाला होता, आज फोन लागला. त्यांचे आईवडील कोयत्यावर जायचे. मी मिनिटाचा दर विचारला. “दादा, मिनिटावर नको, तासावर द्या. तुमच्या एका मिनिटात चार माणसं बोलत्यात का ट्रॅक्टर वाजतोय, ते मला आधी कसं कळावं?” खरंच आहे. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला चारेक तास लागतात. माझ्या या पाऊण तासालाच सहा लागतील. ताशी २०० ठरले.

१५ जानेवारी
वही घेऊन बसलो. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिरात मिळून महिन्याला १२,५००. प्रवास ३,२००, संकलन २,४००, इंटरनेट वगैरे १,१००. बोलणाऱ्यांचा खाडा होतो, त्याचे २,०००. त्याला हात लावायचा नाही. उरले ३,८००. ताईंचे चार भागांचे ४,८०० होतात.

आजवर लिहून काढणं हे ‘उरलं तर’ या रकान्यात असायचं. आज ते प्रवासाच्या खाली, वरून दुसरं लिहिलं आणि महिन्याचे भाग चारावरून तीन केले. ३,६००. एक भाग कमी झाल्याचं वाईट वाटलं. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आणि पुढे कुणी शोधायला येईल त्यांच्यासाठी, लिहिलेला भागच खरा भाग.

१९ जानेवारी
पुन्हा फडावर. माइकला फोमची टोपी चढवली, ट्रॅक्टर हलेपर्यंत थांबलो, एकेकाला बोलायची विनंती केली. ताईंना फाइलबरोबर गावांची, माणसांची नावं आणि शब्दांची यादी पाठवली: मोळी, वाढं, कोपी, टोळी. दहा मिनिटांचं काम.

२६ जानेवारी
ताईंची प्रत आली. शेजारी त्यांचा हिशेब: ४ तास ४० मिनिटं. रेकॉर्डिंग तितकंच लांब, म्हणजे टोपीनं आणि यादीनं तासाहून जास्त वेळ वाचवला. ९३३ रुपये लगेच पाठवले.

एकतिसाव्या मिनिटाला त्यांनी कंसात लिहिलंय: (लेकरू रडतं. आई बोलायची थांबते. कोयता खाली ठेवल्याचा आवाज.) हेडफोन लावून तीनदा ऐकलं. तो आवाज आहे, अगदी बारीक. संकलनात ही बारा सेकंदं मी कापली होती. आज परत जोडली.