रिकाम्या जागेचा हिशेब

हिशेबाच्या वहीत रिकामी जागा सोडू नये, हा संस्कार आपल्या घरांत मुलांना दुकानावर बसविण्यापूर्वीच होतो. बँकेत लागलो तेव्हा तोच संस्कार नियम होऊन माझ्यासमोर आला. धनादेशावर अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ ओढायची. खतावणीचे पान अर्धे राहिले तर तिरकी रेघ मारून ते बंद करायचे. निवृत्तीनंतर, पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात असलेल्या पुतणीकडून मी संगणकाच्या अंतरंगाविषयी थोडेफार शिकू लागलो. तेव्हा सर्वांत नवल वाटले ते याचे, की संगणकाच्या वहीत जागोजागी रिकाम्या फटी असतात आणि त्या फटींचा हिशेब ठेवणे हे तेथील जाणकारांचे एक महत्त्वाचे काम आहे.

संगणकावरील सर्व प्रोग्रॅमना मेमरी, वेळ आणि यंत्रसामग्री वाटून देणारा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलेले ‘लिनक्स’ हे असेच एक कर्नेल; आपल्या हातातील अँड्रॉइड फोनही त्याच्यावरच चालतो. कर्नेल आपल्या नोंदी ‘स्ट्रक्चर’मध्ये ठेवते. स्ट्रक्चर म्हणजे रकाने आखलेली एक ओळच समजा. कोणता रकाना किती बाइटचा, हे आधी ठरलेले असते.

आता एक उदाहरण घेऊ. नोंदीत तीन रकाने आहेत: खाते चालू की बंद हे सांगणारा १ बाइटचा, शिलकेचा ८ बाइटचा आणि खात्याचा प्रकार सांगणारा पुन्हा १ बाइटचा. बेरीज १०. प्रत्यक्षात आजच्या ६४ बिटच्या संगणकावर ही नोंद २४ बाइट जागा अडवते! कारण असे, की ८ बाइटचा आकडा ८ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू व्हावा अशी प्रोसेसरची अपेक्षा असते. तसे नसेल तर काही प्रोसेसर दोन खेपा घालून काम भागवतात. सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर तर काम सरळ नाकारीत. म्हणून कंपायलर पहिल्या रकान्यापुढे ७ बाइट मोकळे सोडतो आणि पुढची नोंद नीट जागी सुरू व्हावी म्हणून शेवटीही ७ सोडतो. या भरावाला पॅडिंग म्हणतात. शिलकेचा मोठा रकाना सर्वांत आधी लिहिला, तर तीच नोंद १६ बाइटमध्ये बसते. माहिती तीच, रकाने तेच; केवळ क्रम बदलून एक तृतीयांश जागा वाचली. कंपायलरने हे आपणहून का करू नये? तर सी भाषेचा दंडक असा, की रकाने लिहिले त्याच क्रमाने राहिले पाहिजेत. ब्राझीलचे आर्नाल्डो कार्व्हाल्यो डी मेलो यांनी अशी छिद्रे दाखवून देणारे ‘पाहोल’ नावाचे साधन तयार केले आहे. ते एखाद्या कसलेल्या ऑडिटरासारखे प्रत्येक ओळीतील फट मोजून दाखवते.

एवढ्याशा बाइटांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे मलाही वाटले होते. पण आकडा पाहिला आणि पटले. लिनक्स मेमरीची ४०९६ बाइटची पाने करते (शब्दही ‘पान’च, म्हणजे पेज) आणि सामान्यतः प्रत्येक पानामागे ६४ बाइटची एक नोंद ठेवते. १६ जीबी मेमरीत अशी ४१,९४,३०४ पाने होतात. केवळ त्यांच्या नोंदींना २५६ एमबी लागतात. म्हणजे भांडवलाच्या दीड टक्क्याहून किंचित अधिक नुसत्या वहीखर्चात जाते. दीड टक्का म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांना मी सांगायला नको. त्या नोंदीत ८ बाइटचा एकच रकाना वाढवला, तर आणखी ३२ एमबी गेले. म्हणून तेथे एकच जागा पानाच्या उपयोगाप्रमाणे वेगवेगळ्या अर्थाने वापरली जाते. आपल्या वहीत मात्र मी ही सवलत कोणाला दिली नसती.

आणि हेच काटकसरी लोक दुसरीकडे मुद्दाम जागा सोडतात. प्रोसेसर मेमरीतून माहिती सुटी उचलत नाही; आज प्रचलित असलेले बहुतेक प्रोसेसर ६४ बाइटचा गठ्ठा उचलतात. या गठ्ठ्याला कॅश लाइन म्हणतात. (ही कॅश रोकड नव्हे, हाताशी ठेवलेला साठा!) दोन प्रोसेसर दोन निराळे आकडे सारखे बदलत असले आणि ते एकाच गठ्ठ्यात पडले, तर तो गठ्ठा दोघांमध्ये सतत ये-जा करू लागतो. दोन मुनीम, दोन खाती, पण वही एकच. मग एकाचे लिहून होईपर्यंत दुसरा हात चोळत बसणार. याला ते फॉल्स शेअरिंग म्हणतात. मी ‘खोटी भागीदारी’ म्हणतो. उपाय एकच: मध्ये मोकळी जागा सोडून दोन आकडे दोन गठ्ठ्यांत ठेवणे. येथे रिकामी जागा उधळपट्टी नसून वेळेची कमाई असते.

पण धोका लपलेला असतो तो नकळत राहिलेल्या फटींत. कर्नेल एखादी नोंद भरून प्रोग्रॅमच्या हवाली करते, तेव्हा सगळी ओळ फटींसकट उचलून देते. रकाने नव्याने भरलेले असतात. फटींत मात्र पूर्वी त्या जागी जे लिहिले होते तेच राहते. तो कर्नेलचा गुप्त पत्ता असेल किंवा दुसऱ्याच कुणाच्या माहितीचा तुकडा. हे वाचताना मला तालुक्याच्या गावची एक शाखा आठवली. तेथे ठेवपावत्यांखालचा कार्बन पुन्हापुन्हा वापरला जाई. एका व्यापाऱ्याच्या कागदांत तो कार्बन चुकून गेला आणि उजेडासमोर धरताच शेजारच्या दुकानदाराची ठेव अक्षरी रकमेसह त्याला वाचता आली. बाजारपेठेच्या गावात याचा अर्थ काय, हे आपण जाणताच. ठेवीदाराने दुसऱ्याच आठवड्यात सर्व पावत्या मोडल्या. पुढे त्या शाखेत वापरलेला कार्बन फाडून टाकण्याचा नियम झाला.

कर्नेलमधील उपायही तसाच आहे: नोंद भरण्यापूर्वी सगळी जागा, फटींसह, शून्याने पुसून काढायची. केवळ रकान्यांत शून्य भरून भागत नाही, कारण मधल्या फटी पुसल्या जातीलच अशी हमी सी भाषेने दिलेली नाही. कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यात देवाणघेवाण होणाऱ्या नोंदींबाबत तर जाणते लोक एक पाऊल पुढे जातात. ते फट नकळत राहू देत नाहीत. तिला ‘राखीव’ असे नाव देऊन रकाना म्हणूनच लिहितात आणि त्यात शून्यच असले पाहिजे अशी अट घालतात. उद्या नवी माहिती ठेवायची झाली, तर ती जागा उपयोगी पडते. आज कुणी त्यात शून्याखेरीज काही ठेवून विनंती पाठवली, तर ती अवैध ठरवून परत केली जाते; खाडाखोड केलेला धनादेश काउंटरवरूनच परत करावा तशी.