आमच्या डब्याच्या स्टीलचा यील्ड पॉइंट

अकरावीच्या पुस्तकातला प्रतिबल-विकृती आलेख साध्या पोलादाचा असतो. रेघ सरळ चढते, एका जागी अडखळते, तोच यील्ड पॉइंट. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, डब्याच्या स्टीलचा कुठे असतो हो?" तो नसतोच! स्टेनलेस स्टीलची रेघ हळूहळू वाकत जाते.

पण बांधकामाला मर्यादा तर हवी. म्हणून भार काढल्यावर ०.२ टक्के कायमची विकृती ज्या प्रतिबलाला उरते, तीच मर्यादा मानतात. म्हणजे हा आकडा निसर्गाचा नाही, माणसांनी ठरवलेला. (मुलांना हे पटायला वेळ लागतो.)

रॅमबर्ग आणि ऑसगुड यांनी १९४३ साली असा वक्र मांडायचं सूत्र दिलं. त्यात लवचीक भागाला जोड मिळते ०.००२ गुणिले (प्रतिबल ÷ मर्यादा) याच्या एन-व्या घाताची. एन ७ धरला, तर निम्म्या प्रतिबलाला कायमची विकृती १२८ पट कमी. एन घटवला की रेघ लवकर वाकते, हे मुलांनीच हिशेब करून काढलं.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. मर्यादा गाठण्याआधीच स्टेनलेसच्या खांबाची ताठरता घटू लागते. सरळ रेघेवर विसंबून आराखडा केला, तर खांब अंदाजापेक्षा कमी भाराला बाक घेतो.