पर्म

परदेशप्रवास म्हटला की आपल्या घरांतून अजूनही विमान, लोकरीचे कपडे आणि परतताना आणावयाच्या वस्तूंची यादी डोळ्यांपुढे उभी राहते. आमचा परदेश मात्र गोरखपूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे सोनौलीच्या कमानीखालून पायी चालत गाठता येण्याजोगा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंदूरहून आम्ही अकरा जण नेपाळला निघालो, ते पशुपतिनाथाच्या दर्शनाला नव्हे. गोरखा जिल्ह्यातील एका खेड्यात पंधरा दिवस घरबांधणीला हातभार लावावा, हा हेतू होता. मंडळीत दोन निवृत्त शिक्षक, एक ओव्हरसियर, चार गृहिणी व महाविद्यालयात शिकणारी तीन मुले होती.

२५ एप्रिल २०१५ रोजी मध्यान्हीच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे केंद्र याच जिल्ह्यातील बारपाकजवळ होते. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. तो शनिवार होता आणि नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. एवढीच काय ती दैवाची कृपा, असे तिकडची माणसे आजही सांगतात.

नारायणगढ सोडले की त्रिशूली नदी मुग्लिनपर्यंत रस्त्याची सोबत करते. आंबूखैरेनीला फाटा फुटतो आणि गाडी गोरखा बाजाराकडे चढू लागते. वर डोंगराच्या माथ्यावर पृथ्वीनारायण शहांचा जुना दरबार. तेथून पुढे जीप, आणि जीपचा रस्ता संपला की दोन तासांची पायवाट. ज्या घराचे काम आम्हांला नेमून दिले होते, त्याची मालकीण साठीची होती. सारा गाव तिला ‘आमा’ म्हणे. आम्हीही म्हणू लागलो.

नेपाळ सरकारने प्रत्येक घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत देऊ केले होते. पाया नियमाप्रमाणे उतरल्याची तपासणी झाल्यावाचून दुसरा हप्ता मिळत नसे. भिंती पूर्वीसारख्याच दगड-मातीच्या. परंतु आता जोत्याशी, खिडकीच्या खाली व दाराच्या वर लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग फिरवावयाचा होता. दगडी भिंतीला दोन अंगे असतात. धक्का बसला की ती एकमेकांपासून सुटतात आणि भिंत ढासळते. म्हणून आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवावयाचे. हे सारे तेथील गवंड्याने, म्हणजे डकर्मीने, आमच्या ओव्हरसियरसाहेबांनाही दगड हाती देऊन शिकविले. आमच्याकडे ‘डोको’ आला. वेताबांबूची ही टोपली पाठीवर घ्यावयाची आणि ‘नाम्लो’ नावाचा पट्टा कपाळावर तोलून चढ चढावयाचा. मानेला कळ लागे. दुपारी नाचणीच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे ढिंडो, आणि गुंद्रुकाचे आंबूस कालवण पोटात गेले की पुन्हा बळ येई.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल, तो आमच्याही मनात होता. एवढे भाडे खर्चून जाण्यापेक्षा तीच रक्कम पाठविली असती तर? उत्तर गावातच मिळाले. पैसा थोडाफार होता; हात नव्हते. तरणी माणसे कतारला, मलेशियाला आणि आपल्या हिंदुस्थानातील शहरांत गेलेली. दगड वाहावयास म्हातारे, बायका आणि मुले उरलेली. जेथे अशी हातांची उणीव असेल, तेथेच जावे. अनाथालयात आठवडाभर मुलांना खेळवून परतण्याचा जो प्रकार नेपाळात बोकाळला, तो याहून अगदी निराळा. तेथील बहुसंख्य मुलांचे आईबाप किंवा निदान एक पालक हयात असतो, आणि पाहुण्यांच्या मायेपायीच ती घरापासून दूर ठेवली जातात.

अशा श्रमछावण्यांची प्रथा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने नेपाळ व बिहार दोन्ही हादरले, तेव्हा हेच सेरेझोल बिहारात खेडी उभारण्यास आले होते.

परंतु आमाला या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. तिच्या लेखी आम्ही ‘पर्म’ करीत होतो. आपल्याकडील इर्जिकीसारखीच ही रीत आहे: आज तुम्ही माझ्या शेतात या, उद्या मी तुमच्या. यात दाता नाही, याचक नाही, दिवसाला दिवस. तिने आमचे दिवस मोजून ठेवले होते आणि निरोपाच्या आदल्या संध्याकाळी गंभीरपणे विचारले, “तुमचे घर कधी बांधणार? आम्हांला यावे लागेल.”

मुले हसली, वडीलधारी मात्र गप्प झाली. सेवा करणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड त्या एका प्रश्नाने मोडून टाकली. आणि दुसरेही काही उमगले. त्या डोंगरांतील किती माणसे आपल्या शहरांतील फाटकांशी रात्रभर जागतात! आपण त्या साऱ्यांना ‘बहादूर’ या एकाच नावाने हाक मारतो. त्यांच्या घरच्या भिंती उभ्या करावयास जे हात हवे होते, ते आपल्या दाराशी राबत होते. मग आमचे पंधरा दिवस कोणाच्या खाती मांडावयाचे?

आपण मराठी कुटुंबेही पिढ्यांपूर्वी बिऱ्हाड पाठीवर घेऊन परमुलखात आलेलो. मुलूख सोडला की मागे कोणाच्या घराचे छप्पर शाकारावयाचे राहून जाते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. म्हणून सांगावेसे वाटते: आपल्या मुलांना अशा छावणीला अवश्य पाठवावे. पण निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या फाटकाशी बसलेल्या माणसाचे खरे नाव आणि गाव विचारून घ्यावे.