मायना आधी वाचावा

चरित्रासाठी पत्रांचा गठ्ठा सोडला की मजकुराकडे मी शेवटी वळतो. आधी मायना पाहतो, मग तारीख आणि गाव, मग ते पत्र वाटेत कोणाकोणाच्या नजरेखालून गेलं असेल याचा अंदाज घेतो. लिहिणारा राजकारणात उतरलेला कादंबरीकार असेल, तर एवढी सावधगिरी हवीच. पात्रं उभी करण्याचं त्याच्या हाताला वळण पडलेलं असतं, आणि पत्रातला ‘मी’सुद्धा पुष्कळदा त्यानं उभा केलेला असतो.

ही शिस्त खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथंच उभं राहिलं. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं पुढे ठेवली आणि त्यांच्या उजेडात बखरी तपासल्या. बखर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचीही खबर नसते. म्हणून पत्र वरचढ.

याच राजवाड्यांचं चरित्र साने गुरुजींनी लिहिलं. गोखल्यांचं लिहिलं, ईश्वरचंद्र विद्यासागरांचं लिहिलं. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकवणारा, पुढे फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी राबणारा, १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढणारा हा कादंबरीकार स्वतः चरित्रकार होता, हे आपण फार लवकर विसरलो. आणि त्यांचं स्वतःचं बालपण आपल्यापर्यंत पोचलं ते मात्र बखरीतून! आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत उतरली. मध्ये पंधरा वर्षं, एक चळवळ आणि धुळ्याचा तुरुंग. त्या पुस्तकातला श्याम मला अतिशय प्रिय आहे, पण पालगडचा पांडुरंग, म्हणजे खुद्द गुरुजी, म्हणून त्याला जसाच्या तसा उचलून चरित्रात बसवणं मला पटत नाही.

मग पत्रांकडे जावं, तर तिथंही वाट सरळ नाही. ‘श्यामची पत्रे’ वसंता नावाच्या तरुणाला लिहिलेली आहेत. मायना घरगुती, मजकूर राजकीय. वसंताला शंका पडाव्यात आणि श्यामनं त्या फेडाव्यात, हा घाट कादंबरीकाराचा आहे. गुरुजींची मतं कळायला हा मजकूर उत्तम पुरावा आहे. त्यांच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं, हे त्यावरून मी ठरवणार नाही.

याच्या अगदी उलट धुळ्याच्या तुरुंगातलं काम. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते टिपून घेतलं. बोलता बोलता डोळे भरून येणारा हा माणूस त्या पानांत स्वतः कुठंच दिसत नाही. अठरा रविवार दुसऱ्याचा शब्द आपल्या शब्दाखाली दबू न देता जपला. चरित्रकार म्हणून मी हा कागद गुरुजींच्या स्वभावाचा मोठा पुरावा मानतो, त्यात त्यांचा स्वतःबद्दलचा एकही शब्द नसला तरी.

सर्वांत अवघड वाटतात ती पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’. ती आयुष्याच्या अखेरच्या काळातली आहेत. फुलं, पाखरं, पाऊस, कोकण, गोष्टी, देशातल्या घडामोडी, सगळं एका मुलीपुढे मांडलेलं. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपलं आयुष्य संपवलं, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून वाचणारा प्रत्येक ओळीत त्या दिवसाची चाहूल शोधू लागतो. हे वाचन बखरीचं झालं. शेवट माहीत असलेल्या माणसानं शेवट माहीत नसलेल्या कागदावर तो लादायचा! मुलीला लिहिताना वडीलधारा माणूस आपला अंधार आवरून धरतो. त्या पत्रांतला आनंद खोटा होता, असं त्यावरून ठरत नाही. तो आनंद तिच्यासाठी होता, एवढंच ठरतं.

म्हणून चरित्रात मी ती पत्रं अखेरच्या प्रकरणात घेणार नाही. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी रोज हातानं दैनिक लिहिणारे गुरुजी जिथं येतात, त्या प्रकरणात ती जातील. तिथंही त्यांच्यासमोर मुलंच होती.