पडल्यानंतरचे धैर्य

परभणी जिल्ह्यात सायकल हे केवळ हौसेचे वाहन नव्हे. जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील शाळांत आसपासच्या खेड्यांतील कितीतरी मुले-मुली सायकलीवरून येतात. कापसाच्या हंगामात रस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि भरधाव मोटारी यांची दाटी होते. अशा वेळी मोटारीचा धक्का लागून एखादा सायकलस्वार पडला, तर त्याच्या मनात सर्वांत आधी काय जागे होते? वेदना नव्हे, लाज! भोवती माणसे जमतात. मुलगा लगबगीने उठतो, कपडे झटकतो, वाकलेले चाक सरळ करू पाहतो आणि म्हणतो, "मला काही झाले नाही." सायकल मोडली म्हणून घरी बोलणी बसतील, ही धास्ती निराळीच.

परंतु हे शौर्य खरे नव्हे. डोक्याला मार लागलेला मनुष्य काही काळ अगदी सावध दिसू शकतो. कवटीच्या आत रक्त साचू लागले, तर काही तासांनी डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, गुंगी येते. घरच्यांना अपघाताची वार्ताच नसेल, तर मूल दमून झोपले आहे, असेच त्यांना वाटेल. लपविलेली एक गोष्ट अशी प्राणावर बेतू शकते.

म्हणून पडलेल्याने आधी सायकलीकडे नव्हे, स्वतःकडे पाहावे. उठता येत असेल, तर रस्त्याच्या कडेला यावे. मान किंवा पाठ दुखत असेल, तर हलू नये. जमलेल्यांनीही त्याला ओढून न उठविता येणारी वाहने थांबवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मोटारीचा क्रमांक टिपून घ्यावा. 'एमएच २२' ही परभणीची खूण पुष्कळांस पाठ असते. पण नेमकी मोटार ओळखू येते ती पुढील अक्षरांनी आणि आकड्यांनी. ज्यांनी अपघात पाहिला, त्यांची नावेही विचारावीत. जागच्या जागी चार पैसे घेऊन प्रकरण मिटवू नये. इजा किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

कायदाही जखमीच्या पाठीशी आहे. त्याला उपचार मिळवून देणे व पोलिसांना कळविणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्य ठरविले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यांना २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. धडक देऊन पळालेल्या मोटारीचा शोध लागला नाही, तरी गंभीर जखमीस ५०,००० रुपये देण्याची तरतूद २०२२ पासून आहे.

तथापि, कायद्याला आधार हवा तो खऱ्या हकिकतीचा. चूक स्वतःची असली, तरी जे घडले ते जसेच्या तसे डॉक्टरांना, पोलिसांना आणि आईवडिलांना सांगावे. मोडलेले चाक गावातला मिस्त्री दुरुस्त करून देईल. आईवडिलांना चाकापेक्षा मूल मोलाचे असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे सांगण्याचे भय उरत नाही.