माचादोची वर्गखोली

स्पेनच्या दक्षिणेला, खाएन प्रांतात, ऑलिव्हच्या बागांनी वेढलेले बाएथा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील सोळाव्या शतकातील वाडे, चौक आणि कॅथेड्रल यांमुळे २००३ साली युनेस्कोने शेजारच्या उबेदासह त्याला जागतिक वारसास्थळाचा मान दिला. मला मात्र तिथे ओढून नेले ते एका वर्गखोलीने.

१५३८ साली पोपच्या आज्ञापत्राने या गावात विद्यापीठ स्थापन झाले. १८२४ मध्ये ते बंद पडले. पुढे त्याच वास्तूत विद्यालय भरू लागले आणि १९१२ ते १९१९ या काळात कवी आंतोनिओ माचादो तिथे फ्रेंच शिकवीत होता. ऑगस्ट १९१२ मध्ये सोरिया येथे त्याची तरुण पत्नी लेओनोर मृत्यू पावली. ते गाव सोसवेना, म्हणून तो बदली मागून येथे आला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. चाळिशी त्याने याच गावात ओलांडली.

मीही चाळिशीतला, तालुक्याच्या गावी मराठी शिकवणारा. १९१३ साली माचादोने उनामुनोला लिहिलेले पत्र मी फार पूर्वी इंग्रजी अनुवादातून वाचले होते. ज्याला आंदालुसियाचे सालामांका म्हणतात त्या गावात शिक्षणसंस्था बऱ्याच, पण जेमतेम तीस टक्के लोकांना वाचता येते; पुस्तकांचे दुकान एकच, आणि तिथे पोस्टकार्डे व प्रार्थनापुस्तके विकली जातात, अशी त्याची तक्रार. स्टाफरूममध्ये हा मजकूर मी किती वेळा चवीने ऐकवला असेल! 'आमच्याच गावाचे वर्णन' म्हणून सगळे हसत. एका मोठ्या कवीने माझ्या कंटाळ्याला जणू परवानाच दिला होता.

जपून ठेवलेल्या त्या खोलीत, जुन्या बाकांपुढे उभा राहिलो, तेव्हा तो परवाना हातातून गळून पडला. याच वर्षांत त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, बाहेरून परीक्षा दिल्या आणि चाळिशीनंतर पदवी मिळवली. येथे लिहिलेल्या कविता १९१७ च्या समग्र संग्रहात आल्या. १९१६ मध्ये सहलीबरोबर आलेला लोर्का नावाचा विद्यार्थी त्याला येथेच भेटला. शिवाय त्याच्या तक्रारीत वाचता न येणाऱ्या माणसांची मोजदाद होती. माझ्या तक्रारीत होतो तो केवळ मी : मला श्रोते नाहीत, मला ग्रंथालय नाही.

तक्रार करणाऱ्याला वारसा म्हणून स्वीकारणे सोपे नसते. गृहयुद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिलेला माचादो १९३९ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील कोलियूर येथे निर्वासित म्हणून वारला. १९४१ मध्ये मृत्यूनंतर त्याला अध्यापकांच्या श्रेणीतून काढण्यात आले. तो निर्णय फिरायला १९८१ उजाडले. १९६६ साली बाएथात त्याच्या गौरवासाठी जमलेल्या लोकांना पोलिसांनी पिटाळले. त्या वेळी बसवायचा पाब्लो सेर्रानोने घडवलेला अर्धपुतळा १९८३ मध्ये बसला, जिथे माचादो फिरायला जाई त्या वाटेवर. दगडी वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर सरदार घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. वाचता न येणाऱ्यांची नोंद त्या भिंतींवर नाही. ती त्या पत्रात आहे.

परतल्यावर ते पत्र मी स्टाफरूमऐवजी प्रथम वर्षाच्या वर्गात वाचून दाखवले. त्यांतील काही मुले घरातली पहिलीच महाविद्यालयात आलेली. कुणी हसले नाही. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, गावाला वाचताच येत नव्हतं, तर तो तिथे फ्रेंच कुणासाठी शिकवत होता?"

तास संपल्याची घंटा झाली. उत्तर उद्या देतो, असे मी म्हणालो. अजून दिलेले नाही.