मला भाऊ, माझ्याकडे गाडी

इंग्रजीतलं ‘हॅव’ हे क्रियापद मराठीत नाही. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘जवळ असणे’ असं छापलेलं असतं, शाळेत तेच पाठ करून घेतलेलं असतं, आणि ते पाठांतर घेऊन मुलं माझ्या वर्गात येतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो. भाऊ पुण्यात नोकरीला असतो, जवळ नसतो, तरी मला भाऊ असतो. ताप जवळ नसतो, अंगात असतो, आणि बोलताना ‘मला’ असतो. घराची दारं घराच्या जवळ असती तर आत जायचं कुठून? या सगळ्या ठिकाणी इंग्रजी मात्र डोळे मिटून ‘हॅव’ म्हणते.

मी ऊर्जानगरला इंग्रजी शिकवते. चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याने ताडोब्याकडे निघालं, की दुर्गापूरशी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्या केंद्राची ही वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच आता मोडीत निघाले, तरी उरलेल्या सात संचांची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या निमित्ताने इथे नाना भाषांची माणसं आली. वर्गात एका बाकावर साताऱ्याची मुलगी असते, तिच्याशेजारी सिरोंच्याकडचा घरी तेलुगू बोलणारा मुलगा, मागे चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीतली एखादी, आणि आईशी गोंडीत बोलणारे दोघंतिघं. संध्याकाळी साडेपाचला माझा दुसरा वर्ग भरतो, संगणकाच्या पडद्यावर. तिथले विद्यार्थी चीनमधले नोकरदार, त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. एकाच दिवशी या दोन्ही वर्गांच्या वह्या तपासायला लागल्यापासून ‘हॅव’ हा माझा आवडता विषय झाला आहे. दोन्हीकडच्या चुका बरोबर उलट्या दिशेच्या असतात.

आधी आपलं घर पाहू. ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ यातला फरक मराठी माणसाला कोणी शिकवत नाही. दुसरं वाक्य ऐकलं की आपण विचारतो, ‘किती दिवस आहेत?’ कारण ते भाऊ मुक्कामाला आले आहेत, कदाचित माझे नसतीलही. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणजे घरात, बँकेत, कुठेतरी आहेत. ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ म्हणजे आत्ता खिशात नाहीत. एकच माणूस रिक्षावाल्यासमोर उभा राहून ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलू शकतो आणि दोन्ही खरी असतात. आमच्याकडे ‘जवळ’चं काम ‘पाशी’ करतं. माह्यापाशी सुट्टे नाही बाप्पा, असं म्हटलं की श्रीमंतीबद्दल काहीच कळत नाही, फक्त खिसा कळतो.

घराचंच घ्या. घरात तीन खोल्या असतात, पण घराला तीन दारं असतात. खोल्या ‘त’ आणि दारं ‘ला’, असं का? खोली म्हणजे आतली जागा, दार हा घराचा अवयव. मांजरीला जसे चार पाय, तशी घराला दारं. याच न्यायाने आमच्या कॉलनीला भिंत आहे आणि कॉलनीत वाघ आहे. हे दुसरं वाक्य इथे उदाहरणापुरतं नाही. जंगल लागून असल्याने वाघ-बिबट्याच्या सूचना आम्ही पाणीपुरवठ्याच्या सूचनेसारख्या वाचतो. ‘कॉलनीला वाघ आहे’ असं मात्र चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही.

मग ‘ला’च्या वाट्याला नेमकं काय येतं? नातेवाईक, अवयव, दुखणी, अक्कल, पगार, सुट्टी. ज्या गोष्टी माणसाला चिकटलेल्या असतात, उचलून दुसऱ्याच्या हातात देता येत नाहीत, त्या. गाडी, मोबाइल, पैसे, कागदपत्रं ‘कडे’ जातात, कारण ती आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे. आता या यादीत शेती कुठे बसते ते पाहा. ‘त्याला पाच एकर शेती आहे आणि त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे.’ विकता येण्याजोग्या दोन्ही वस्तू, पण मराठीने जमीन भावांच्या आणि हातापायांच्या रांगेत बसवली, ट्रॅक्टर मोबाइलच्या. ‘माझ्याकडे पाटलांची शेती आहे’ असं कोणी म्हटलं, तर तो बटईने वाहतो आहे हे आपोआप समजतं.

हे मी वर्गात मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘आमाले होती. आता नाही. खाणीत गेली.’ तिचं इंग्रजी वाक्य वहीत होतं: ‘माय फादर वॉज लँड.’ हसणारे हसले. पण वाक्य नीट पाहिलं तर ‘माझ्या बाबांना शेती होती’ यातला ‘होती’ तिने इमानदारीत ‘वॉज’ केला होता, आणि ‘ना’ला इंग्रजीत जागाच न सापडल्याने तो गळून पडला होता. ‘माय फादर हॅड लँड’ हे दुरुस्त वाक्य मी फळ्यावर लिहिलं. ते बरोबर आहे. त्यातून जमीन मालकीची होती की बटईची हे मात्र कळत नाही. तेवढ्यासाठी इंग्रजीला आणखी चार शब्द खर्चावे लागतात.

वर्गातली इतर मुलंही याच चक्रात अडकतात, कारण त्यांच्या भाषांतही ‘हॅव’ नाही. तेलुगूत ‘नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु’, म्हणजे मला दोन मोठे भाऊ आहेत. पैशांसाठी मात्र ‘ना दग्गर’, माझ्याजवळ. बंगालीत ‘आमार दुइ भाइ आछे’, पण ‘आमार काछे टाका आछे’. हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’ आणि ‘मेरे पास पैसे हैं’. भाषाकुळं दोन, पण घडण सारखीच: धनी वाक्याचा कर्ता नसतोच. कर्ता असतो भाऊ, पैसा, ताप. ते ‘असतात’, आपण फक्त त्यांच्या असण्याचा पत्ता. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असं मांडलं, कॉलिन मॅसिका यांनी १९७६च्या पुस्तकात या क्षेत्राच्या सीमा तपासल्या, आणि त्यात ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांच्या तऱ्हेलाही जागा दिली. मला त्यासाठी नकाशा लागत नाही, हजेरीपट पुरतो.

इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाला वाटतं की ‘हॅव’ नसणं ही आपली उणीव. तसं काही नाही. एमिल बांव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६०मध्येच दाखवलं, की जगात ‘मला आहे’ ही रीत जास्त पसरलेली आहे आणि ‘हॅव’ची रीत त्या मानाने कमी. रशियन माणूस आजही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच घडणीचं वाक्य बोलतो. जुनी लॅटिनही ‘मला पुस्तक आहे’ म्हणत असे. ‘धरणे’ या अर्थाच्या क्रियापदाने नंतर ती जागा घेतली.

आता संध्याकाळचा वर्ग. चिनी भाषेत ‘यौ’ नावाचं क्रियापद आहे. मी यौ दोन भाऊ, मी यौ पैसे, इथवर ते ‘हॅव’चं जुळं भावंड. म्हणून माझे चिनी विद्यार्थी ‘आय हॅव टू ब्रदर्स’ पहिल्या दिवशी बिनचूक लिहितात आणि मला सकाळच्या वर्गासाठी वाईट वाटतं. पण ‘यौ’ इथे थांबत नाही. टेबलावर पुस्तक आहे, हे सांगायलाही तेच: टेबलावर यौ पुस्तक. असणं आणि बाळगणं दोन्ही एकाच शब्दात. बंद दारामागे कोणी असेल तर ‘यौ रेन’, शब्दशः ‘आहे माणूस’. त्यामुळे चेंगडूच्या एका नर्सबाई लिहितात, ‘इन माय हॉस्पिटल हॅव मेनी पेशंट्स.’ दुसरा लिहितो, ‘देअर हॅव अ टायगर इन युवर टाउन?’ (ही चौकशी दर आठवड्याला होते.) त्यांचं ‘हॅव’ जास्त पसरतं, आपलं ‘आहे’. ते ‘देअर इज’च्या जागी ‘हॅव’ घुसवतात. आपण ‘हॅव’च्या जागी ‘माय टू ब्रदर्स आर देअर’ म्हणतो आणि ऐकणारा ‘देअर’ म्हणजे कुठे, म्हणून वळून बघतो.

‘यौ’चे काही उपयोग मराठी माणसाला लगेच आपले वाटतात. ‘यौ मिंग’ म्हणजे नाव असलेला, प्रसिद्ध. आपणही म्हणतोच, त्यांचं गावात नाव आहे. नकाराची तऱ्हाही ओळखीची. चिनीत बाकीच्या क्रियापदांना बहुतेक वेळा ‘बू’ लावून नकार होतो, पण ‘यौ’ला तो चालत नाही; त्याला स्वतःचा ‘मेय’ लागतो: ‘मेय यौ’, म्हणजे ‘नाही’. आपल्याकडे ‘आहे’चा नकार ‘न आहे’ होत नाही, ‘नाही’ होतो, तसंच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्धात सापडलेल्या चीनला गेले, आणि त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी चिनी भाषा चांगली आत्मसात केली. जखमी सैनिकाला ‘दुखतंय का’ विचारायच्या आधी ‘मेय यौ’ त्यांच्या कानावर पडलं असणार, कारण युद्धात जिथेतिथे ‘नाही’च असतं.

पुन्हा आपल्या चुकांकडे येते, कारण त्यातली एक सगळ्यांत चिवट आहे: ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.’ मुंबईच्या निस्सीम इझिकेल यांनी तर भारतीय इंग्रजीतल्या या ‘इंग’वर कविताच लिहिल्या. कारण म्हणून ‘मराठी माणसाला चालू वर्तमानकाळ आवडतो’ असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं, की मुलाच्या डोक्यात ‘आहे म्हणजे अ‍ॅम, इज, आर’ हे पहिलीपासून पक्कं बसलेलं असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच सुरू होते, म्हणजे हे बसणंही लवकर होतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ धडधडीत ऐकू येतं, तेव्हा ‘अ‍ॅम’ लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. मग बाईंनी शिकवलेलं ‘हॅव’ आठवतं. ‘अ‍ॅम हॅव’ कानाला खटकतं, म्हणून शेपटीला ‘इंग’. वाक्य दिसायला नीट, अर्थाने भलतंच. ‘माय सिस्टर इज हॅविंग टू चिल्ड्रन’ असं एकीने मुलाखतीच्या सरावात सांगितलं. मी म्हटलं, अभिनंदन, जुळं होतंय म्हणजे, कोणत्या दवाखान्यात? तिला कळेना. ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डॉग’ म्हणणाऱ्याला तर मी ताटात आणखी काय आहे ते विचारते.

‘हॅविंग कधीच म्हणायचं नाही’ असा सोपा नियमही काही शिकवण्यांत देतात. तो चुकीचा आहे. चहा घेताना, जेवताना, आंघोळ करताना ‘हॅविंग’ चालतं, कारण तिथे ‘हॅव’ घडणारी क्रिया आहे, नुसतं असणं नाही. मी मुलांना मराठीकडेच परत पाठवते: तुमच्या वाक्यात ‘घेतोय’, ‘करतोय’ येतं का? मग ‘हॅविंग’. नुसतं ‘आहे’ येतं का? मग ‘अ‍ॅम’ गिळा आणि उरलेला ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्यात’ कर्ता करून पुढे आणा. ‘जवळ असणे’ विसरा. पंधरा दिवस वाक्याच्या तोंडाशी असलेल्या प्रत्ययाला पेन्सिलने गोल करायला लावते, बस.

‘मी वाघ पाहिला आहे’ यातल्या ‘आहे’चंही इंग्रजीत ‘हॅव’च होतं. तिथे मुलं सहसा अडखळत नाहीत, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. खरी गंमत ‘हॅव टू’ची. ‘मला जायचं आहे’ हे वाक्य आपल्याकडे दुतोंडी आहे. नाइट शिफ्टवाला म्हणतो ‘मला दहाला जायचंय’, तेव्हा ती सक्ती असते. सहलीला निघालेली मुलगी म्हणते ‘मला ताडोब्याला जायचंय’, तेव्हा ती हौस असते. सक्ती नक्की दाखवायची तर ‘जावं लागतं’ म्हणायची सोय आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘जायचंय’ दोन्हीकडे राबतं. मुलांनी कुठेतरी ‘जायचं आहे म्हणजे हॅव टू गो’ असं लिहून घेतलेलं असतं.

मोहर्लीकडचा एक गाइड काही दिवस माझ्याकडे यायचा. पक्षी, झाडं, पगमार्क यांची इंग्रजी नावं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. त्याच्या जिप्सीत दोन विदेशी आजी-आजोबा बसले, आणि ‘तुम्हाला वाघ पाहायचा आहे?’ हे त्याने अदबीने विचारलं: ‘यू हॅव टू सी टायगर?’ आजोबांनी खिशातून परवाना काढला, उलटसुलट करून वाचला आणि सांगितलं, ‘नो, नो. इट डझन्ट से सो हिअर.’ गाइडने तो किस्सा मला सांगितला तेव्हा त्याची तक्रार एवढीच होती, की मग हे लोक पहाटे साडेचारला उठून आले कशाला?